सही करताना ठोका थांबत नाही

इंग्लंडच्या मिडलंड्स भागात, जिथे दुकानदारसुद्धा अनोळखी गिऱ्हाइकाला 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणून लाडाने हाक मारतो, अशा एका गावात मी गेली काही वर्षं राहते. इथल्या हौशी संगीत-नाट्यसंस्थेने 'डिस्को इन्फर्नो' ही संगीतिका केली आणि मी तिच्या कोरसमध्ये होते. कोरस म्हणजे नाव नसलेली माणसं. कधी क्लबातली गर्दी, कधी रस्त्यावरचे लोक, कधी नायकाचे चाहते. गोष्ट १९७६ सालच्या लंडनमधली. नाइटक्लबात काम करणाऱ्या जॅक नावाच्या पोराला मोठा रॉकस्टार व्हायचंय, आणि त्यासाठी तो सैतानाला आत्मा विकतो. गाणी सगळी सत्तरच्या दशकात गाजलेली, लोकांच्या ओठांवर आधीच असलेली.

मला सांगायचंय ते मुख्यतः एका प्रवेशाबद्दल. जॅक करारावर सही करतो तो प्रवेश. बाकीचं नाटक हलकंफुलकं आहे, प्रेक्षक हसतात, टाळ्या वाजवतात. पण हा प्रवेश फसला तर सगळं नाटक नुसती गाण्यांची मैफल होऊन बसतं. आणि तो उभा राहतो कोरसच्या जिवावर, हे मी तालमींमध्ये हळूहळू शिकले.

मी मूळची सांगलीची. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते आमच्या गावात, आणि ही गोष्ट सांगलीत शाळेच्या पहिल्या सहलीपासून कानांवर पडते. भाव्यांच्या त्या जुन्या नाटकांत राक्षसपार्टी आरडाओरडा करत, तलवारी नाचवत यायची, राळेचे भपके उडायचे. लोकांनी त्या प्रकाराला 'अललडुर्र' असं नावच पाडलं होतं. दुष्ट माणूस रंगमंचावर येतो तो धुरातून आणि आवाज करत, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून असं पक्कं बसलेलं. इथे आल्यावर कळलं की इंग्रजांकडेही तेच आहे. त्यांच्या नाताळातल्या पँटोमाइममध्ये, म्हणजे परीकथांवरच्या विनोदी गाण्या-नाचाच्या नाटकांत, खलनायक नेहमी नटाच्या डाव्या हाताच्या विंगेतून येतो आणि परी उजवीकडून. मध्ययुगातल्या धार्मिक नाटकांत उजवीकडे स्वर्ग आणि डावीकडे नरक असायचा, तिथून हा रिवाज आला असं मानतात. आमचा सैतानही डावीकडूनच आला. दिग्दर्शिकेने पहिल्याच तालमीत सांगून टाकलं की ती विंग त्याची, तिथून दुसरं कुणीही एन्ट्री घ्यायची नाही.

इथल्या हौशी संस्थांचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडच्या राज्य नाट्य स्पर्धेच्या संघांना ते ओळखीचंही वाटेल आणि वेगळंही. गावोगाव अशा संस्था आहेत. त्यांची 'नोडा' नावाची देशव्यापी संघटना १८९९ पासून आहे. सभासद वर्गणी भरतात, कमिटी असते, भांडणं असतात, चहा असतो. संगीतिका करायची तर तिचे हक्क घ्यावे लागतात आणि परवानगीशिवाय संवादातला शब्दही बदलता येत नाही. संहिता आणि स्वरलिपीच्या वह्या बहुधा भाड्याने येतात. त्यांत खुणा करायच्या त्या फक्त पेन्सिलने, आणि प्रयोग संपले की प्रत्येकाने आपली वही खोडरबराने स्वच्छ करून परत द्यायची. मला ही शिस्त फार आवडली. आपल्याकडे संहितेच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स फिरतात आणि लेखकाला मानधन मागण्यासाठी फोन करत बसावं लागतं.

ऑडिशन जाहीर होती. एक गाणं पियानोवर, थोडे संवाद, आणि मग सगळ्यांना एकत्र उभं करून नाच. नाच बसवणारी बाई आठ-आठ मात्रांचे तुकडे दाखवायची आणि 'पाच, सहा, सात, आठ' म्हणून सोडून द्यायची. माझ्या वडिलांना तबल्याचा नाद होता, घरात कायम काहीतरी ठेका चालू असायचा, त्यामुळे आठ-आठचे दोन तुकडे म्हटल्यावर माझ्या अंगात आपोआप तीनताल सुरू झाला. सोळा मात्रा, हिशोब अगदी बरोबर. पण तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, तबला हलका होतो, डग्गा गप्प बसतो, गाणाऱ्याला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळतं. डिस्कोत खाली नाहीच. ड्रमचा मोठा ठोका प्रत्येक मात्रेवर, तेवढ्याच वजनाने. प्रत्येक मात्रा समेची. मधल्या अर्ध्या मात्रेवर हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांजांची जोडी, उघडते आणि तो 'त्स' असा आवाज पुढच्या ठोक्याकडे ओढत नेतो.

हा ठेका रुजवण्याचं श्रेय बहुतेक जण फिलाडेल्फियाच्या अर्ल यंग या ड्रमरला देतात, १९७३च्या सुमाराचं त्याचं काम. ज्या गाण्यावरून आमच्या नाटकाला नाव मिळालं, ते १९७६ सालचं गाणं करणाऱ्या 'द ट्रॅम्प्स' या गटातही तोच होता. वेग साधारण मिनिटाला ११० ते १३० ठोके. म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाची पावलं. नाचायला शिकवावं लागत नाही, पाय आपसूक हलतात. मला वाटतं, या नाटकाची सगळी गंमत आणि सगळं भय या ठेक्यातच आहे. थांबून विचार करायला त्यात जागाच ठेवलेली नाही.

कोरसमध्ये माझ्या शेजारी एक आजी उभ्या राहायच्या. सत्तरच्या दशकात त्या विशीत होत्या आणि शनिवारी रात्री बस पकडून विगन कसिनोला नाचायला जायच्या. ते १९७३ ते १९८१ चाललेलं, रात्रभर उघडं असणारं प्रसिद्ध ठिकाण. तिथे दारू नसे; असत ते नॉर्दर्न सोलचे, म्हणजे अमेरिकन सोल गाण्यांवरचे, रात्रभराचे नाच. डिस्कोपेक्षा त्याचा बाज वेगळा, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं. त्यांना मी सांगितलं की 'कुंग फू फायटिंग' हे १९७४चं गाणं ज्याने लंडनमध्ये निर्माण केलं तो बिद्दू मूळचा बेंगळूरूचा, आणि त्यानेच पुढे १९८० साली नाझिया हसनकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतलं. त्यांना खरंच वाटेना. मग चहाच्या सुट्टीत मी मोबाइलवर ते गाणं लावलं, आणि त्या बाई शाळेच्या हॉलमध्ये, हातात बिस्कीट घेऊन, नाझिया हसनवर नाचल्या. पाऊल कुठे टाकायचं ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

१९७६ सालच्या उन्हाळ्याबद्दलही त्यांनीच सांगितलं. इंग्लंडच्या इतिहासातल्या सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी तो एक. जूनच्या अखेरीपासून सलग १५ दिवस देशात कुठे ना कुठे पारा ३२ अंशांच्या वर होता. पाणी इतकं आटलं की लोक रस्त्यावरच्या नळावरून बादल्या भरून नेत होते आणि सरकारने दुष्काळासाठी वेगळा मंत्री नेमला. मराठवाड्यातल्या माणसाला ३२ अंश म्हणजे आल्हाददायक हवा वाटेल, पण पंखे नसलेल्या, ऊब धरून ठेवायला बांधलेल्या घरांत तो उन्हाळा कसा गेला असेल याची कल्पना मला इथे राहिल्यामुळे आहे. नरकाची गोष्ट त्या वर्षात घडते, हे दिग्दर्शिकेने हातचं जाऊ दिलं नाही. पहिल्या प्रवेशात आम्ही सगळे घाम पुसत, हातातल्या वर्तमानपत्राने वारा घेत आलो.

आता सहीचा प्रवेश.

पहिल्यांदा तो बसवला तेव्हा सरळ मार्गाने बसवला. सैतान आला, संगीत थांबलं, कोरस जिथल्या तिथे गोठला, लाल प्रकाश, जॅक आणि सैतान मधोमध. संवाद झाले, सही झाली, मोठा आवाज, पुन्हा नाच. दिसायला नीट होतं. पण बघताना काही होत नव्हतं. जॅक सही करणार हे सगळ्यांना माहीत, तो करतो, झालं. जॅकचं काम करणारा मुलगा एका सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला माल लावतो. आवाज सुरेख, चेहरा बोलका. त्याने दिग्दर्शिकेला सरळ विचारलं, "मी हो का म्हणतो तेच मला कळत नाहीये. आत्मा जाणार म्हणजे माझं नक्की काय जाणार?"

प्रश्न रास्त होता. मला तर आणखीच अवघड वाटत होता. आपल्या पुराणांत सौदे कमी नाहीत, पण ते उलट्या बाजूने होतात. हिरण्यकश्यपू काय, भस्मासुर काय, घोर तप करतात आणि देवाकडून वर मिळवतात. देव वर देतो आणि वरातल्या शब्दांतच फट राहते, त्या फटीतून नरसिंह येतो किंवा मोहिनी. तिथे फसतो तो मागणारा, स्वतःच्या अटींमध्ये. आत्मा तर विकण्याची वस्तूच नाही; शस्त्रं त्याला छेदत नाहीत, आग जाळत नाही, मग तारण काय ठेवणार? युरोपातली ही जुनी गोष्ट मला समजून घ्यायची होती, म्हणून मी भावाला सांगून आमच्या सांगलीच्या घरातून विंदा करंदीकरांचा 'फाउस्ट' मागवला. जर्मन कवी गटेच्या नाटकाच्या पहिल्या भागाचा विंदांनी केलेला अनुवाद, १९६५ सालचा. भावाने कराराच्या प्रवेशाच्या पानांचे फोटो आधी व्हॉट्सॲपवर पाठवले, पुस्तक मागाहून आलं.

तो प्रवेश मी रात्री बसून वाचला आणि मग ख्रिस्तोफर मार्लोचा सोळाव्या शतकातला 'डॉक्टर फॉस्टस' काढून त्याच्याशी ताडून पाहिला. दोघांत मोठा फरक आहे. मार्लोच्या फॉस्टसचा रोखठोक करार आहे: २४ वर्षं सैतानाचा दूत माझा चाकर, मग मी त्याचा. सही करायला तो दंड कापतो तर रक्त गोठतं, लिहिता येत नाही. जणू त्याचं शरीरच नको म्हणतंय. मग तो दूत, मेफिस्टोफिलिस, निखारे आणतो, रक्त पातळ करतो, आणि सही होते. गटेच्या फाउस्टकडे मुदत नाही, पैज आहे. ज्या क्षणाला मी म्हणेन की क्षणा, थांब, तू फार सुंदर आहेस, त्या क्षणी मी तुझा. त्या माणसाची खात्री आहे की आपण असं कधी म्हणणारच नाही, कारण आपल्याला कशानेच समाधान मिळत नाही. तो सही करतो ती हावेपोटी कमी आणि वैतागापोटी जास्त.

हे मी जॅकचं काम करणाऱ्या त्या मुलाला सांगितलं. चहाच्या सुट्टीत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून, विंदांची ओळ न् ओळ माझ्या मोडक्या इंग्रजी गद्यात. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे थांबायचं नाही हाच त्याचा करार आहे." मी म्हटलं, बाबा रे, हेच तर आपल्या ड्रमरचंही काम आहे.

ते बोलणं दिग्दर्शिकेच्या कानावर गेलं आणि पुढच्या तालमीला तिने सगळा प्रवेश मोडला. संगीत थांबवायचं नाही. आवाज कमी करायचा, सूरवाद्यं काढून घ्यायची, पण बास आणि ड्रमचा ठोका चालूच. कोरसने गोठायचं नाही. जागच्या जागी, अगदी लहान हालचालीत नाचत राहायचं, आणि डोळे जॅकवर. हसायचंसुद्धा नाही, धमकावायचंही नाही. नुसतं वाट बघायचं, कारण हा सही करील तेव्हा आपलं पुढचं गाणं सुरू होईल.

हे करायला फार कठीण होतं. मोठ्या हालचालीत चूक लपते, लहान हालचालीत वीस माणसांपैकी एकाची टाच अर्धी मात्रा उशिरा टेकली तरी दिसते. नाच बसवणाऱ्या बाईने आम्हाला दिवे बंद करून, फक्त ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर, उजव्या पायावरून डाव्या पायावर भार न्यायला लावलं. भार नेताना गुडघा किती वाकतो, खांदा केव्हा येतो, श्वास कुठे घ्यायचा. मी मनातल्या मनात तीनतालाचे बोल म्हणायचे आणि खाली आली की मुद्दाम पाय घट्ट टेकायचे, म्हणजे शरीर हलकं पडत नसे. काही तालमींनंतर आम्ही सगळे खरोखर एका अंगाने हलायला लागलो. तेव्हा मधे उभ्या त्या मुलाकडे पाहिलं तर त्याच्या चेहऱ्यावर खरी घालमेल होती. नंतर तो म्हणाला, "तुम्ही सगळे थांबला असतात तर मी नाही म्हणू शकलो असतो."

सैतानाचं काम करणारे गृहस्थ निवृत्त. ऐन तारुण्यात ते फर्निचरच्या दुकानात हप्त्याने माल विकायचे, त्या काळात इथे हप्तेबंदीचा फार जोर होता. आधी ते आपल्या राक्षसपार्टीसारखेच यायचे, डोळे वटारून, गडगडाटी हसत. प्रवेश बदलल्यावर त्यांनी ते सगळं सोडून दिलं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, जॅकच्या बाजूने सरळ केला, पेनाचं टोपण काढून पेन त्याच्या हाताशी ठेवलं आणि एक पाऊल मागे सरकले. मग पूर्ण आदबीने, अजिबात घाई न करता, कागदावर बोट फिरवत कलमं दाखवू लागले. दिग्दर्शिकेने विचारलं, हे कुठून आणलंत? म्हणाले, "दुकानात आम्हाला हेच शिकवायचे. पेन हातात द्यायचं नाही, हाताशी ठेवायचं. घेईल तो स्वतःच." माझ्या अंगावर काटा आला. मार्लोचा मेफिस्टोफिलिस खोटं बोलत नाही, फॉस्टसने नरकाबद्दल विचारलं तर स्पष्ट सांगतो की तो त्यातच आहे. आमच्या या सभ्य विक्रेत्याने, त्यातली एक ओळही न वाचता, ते बरोबर पकडलं होतं.

वेशभूषेवरून एक गंभीर चर्चा झाली, तीही लिहायला हवी. कपडे बरेचसे सभासदांच्या माळ्यावरून आणि धर्मादाय दुकानांतून आले. बेलबॉटम, मोठ्या कॉलरचे पॉलिस्टरचे शर्ट, टिकल्यांचे ब्लाउज. पॉलिस्टर दिव्यांखाली भट्टीसारखं तापतं. पण कुणीतरी पेटीभर कुरळ्या आफ्रो विग आणल्या आणि कमिटीत प्रश्न निघाला. सगळ्या नाटकमंडळीत गोरा रंग नसलेली मी आणि आणखी एक मुलगी, एवढ्याच. आम्हा दोघींना मत विचारलं गेलं, आणि मी मनापासून बोलले. डिस्को ही न्यूयॉर्क, फिलाडेल्फियामधल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांनी स्वतःसाठी उभी केलेली जागा होती. बाहेर ज्यांना कुणी नीट उभं राहू देत नव्हतं ते आत येऊन नाचत होते. १९७९ साली शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला गेला, त्या रागाच्या मुळाशी नुसती संगीताची नावड नव्हती असं तेव्हापासून अनेक जण म्हणत आले आहेत. त्यांचे केस आपण गंमत म्हणून डोक्यावर घालू नयेत. आणि दुसरं, आपल्या नाटकात क्लबचं नाव नरकाग्नी असलं तरी नरक म्हणजे तो क्लब नव्हे, हे प्रेक्षकाला दिसायला हवं. क्लबात जॅकचे मित्र आहेत, त्याच्यावर जीव लावणारी माणसं आहेत. नरक आहे तो कागदात.

विग परत गेल्या. कुणी नाक मुरडलं नाही, उलट विगनवाल्या आजींनी आपल्या काळचे खरे फोटो आणून दाखवले. कुणाच्याच डोक्यावर तसलं काही नव्हतं, साधे सरळ केस आणि ढगळ पँट.

मग प्रयोगाचा आठवडा. रविवारी सकाळी हॉल ताब्यात घेऊन नेपथ्य, दिवे, ध्वनी सगळं चढवतात. आरशांचा गोळा छताला टांगला, त्याला मोटार आणि सुरक्षेसाठी वेगळी तार. एकच बारीक झोताचा दिवा त्यावर रोखायचा, म्हणजे ठिपके हॉलभर फिरतात.  धुकं करणारं यंत्र आणलं होतं. त्यातला प्रवाही पदार्थ तापून बारीक वाफ होते आणि हवेत तरंगत राहते, त्यात प्रकाशाचे झोत दिसतात. त्यासाठी हॉलचे धूर ओळखणारे सेन्सर तात्पुरते बंद करायला हॉलच्या व्यवस्थापकाची लेखी परवानगी लागली, आणि तेवढा वेळ आगीवर नजर ठेवायला एक माणूस केवळ त्याच कामासाठी नेमावा लागला. सांगलीतली राळ उडवणारी मंडळी मला राहून राहून आठवत होती. उघड्या हिलालावर राळेची मूठ भिरकावायची आणि मांडवाला आग लागू नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं.

लाल रंगाने आम्हाला छळलं. नरक म्हणजे लाल, हे ठरलेलं. पण एलईडीचा गडद लाल चेहऱ्यावर पडला की चेहरे सपाट होतात, डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात, आणि लाल टिकल्या चक्क नाहीशा होतात. प्रकाशयोजनाकाराने सहीच्या प्रवेशातून लाल काढूनच टाकला. सबंध रंगमंच निळसर धुक्यात, आणि टेबलावरच्या कागदावर एक कोमट पांढरा झोत. लाल आला तो सही झाल्यावर, पुढच्या गाण्याबरोबर, आणि तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

वादकांबरोबरची पहिली बैठक ही माझी सगळ्यांत आवडती संध्याकाळ. सगळे गाणारे खुर्च्यांवर बसलेले, नाच नाही, अभिनय नाही, नुसतं गाणं आणि बँड. इतके महिने पियानोवर ऐकलेल्या गाण्यांत एकदम ट्रंपेट, गिटार आणि खरा ड्रमसेट आला. सहीच्या प्रवेशाचा तो उघडा ठेका ड्रमरने सुरू केला आणि बास गिटारवाल्याने त्याखाली सूर धरला, तेव्हा बसल्या जागी आमचे सगळ्यांचे टाचेचे भार बदलायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं.

रंगीत तालीम धडपडत पार पडली, तशीच पडते. प्रयोगाच्या रात्री इथे तिसऱ्या घंटेऐवजी वेगळी पद्धत आहे. पडदा उघडायच्या ३५ मिनिटं आधी 'हाफ'ची हाक येते, तोपर्यंत प्रत्येकाने थिएटरात हजर असलंच पाहिजे. मग पंधरा, मग पाच, आणि शेवटी 'बिगिनर्स', म्हणजे पहिल्या प्रवेशातल्यांनी जागेवर. मी विंगेत जाताना रंगमंचाला हात लावून नमस्कार केला. विगनवाल्या आजींनी पाहिलं, काही विचारलं नाही, आणि स्वतःही तसाच केला.

मार्लोच्या नाटकाची एक दंतकथा इकडचे नट मोठ्या चवीने सांगतात. एक्सेटरला प्रयोग चालू असताना रंगमंचावरचे सैतान मोजले तर एक जास्त भरला, आणि सगळे नट घाबरून पळाले. ही गोष्ट सैतानाचं काम करणाऱ्या गृहस्थांनी पहिल्या रात्री मेकअप करताना सांगितली. तरुण पोरं हसली. पण सहीच्या प्रवेशात, धुक्यात, मी नकळत माणसं मोजली.

प्रयोग भरलेले होते. बहुतेक प्रेक्षक साठीच्या पुढचे, त्यांच्या तारुण्यातली गाणी ऐकायला आलेले. गाण्यांना ते टाळ्यांनी ठेका धरायचे, शेवटी तर उभे राहून खुर्च्यांच्या मधल्या वाटेत नाचायचे. पण सहीच्या प्रवेशात काय होतं ते शेवटच्या रात्री नीट दिसलं. ठोका सुरू झाला, आम्ही भार बदलू लागलो, कागद टेबलावर आला. आणि हॉलमधून टाळ्यांचा ठेका सुरू झाला. आधी मागच्या रांगेतून, मग सगळीकडून, ड्रमशी अगदी जुळलेला. चारशे हात जॅकला सही कर, सही कर असं सांगत होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं. पेन त्याच्या हाताशी होतं. मधूनच एका बाईचा आवाज आला, पँटोमाइममध्ये मुलं ओरडतात तसा: "नको रे, नको करूस!" लोक हसले. टाळ्या मात्र कुणी थांबवल्या नाहीत. त्या मुलाने एकदा प्रेक्षकांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि पेन उचललं.

नाटकाचा शेवट मी सांगत नाही; कुठे प्रयोग लागला तर बघा.

त्याच रात्री सगळं उतरवायचं असतं, कारण हॉल सकाळी दुसऱ्यांना दिलेला असतो. मध्यरात्रीपर्यंत नेपथ्य गाडीत चढलं. मग आम्ही हॉलच्या जमिनीवर मांडी घालून खोडरबरं घेऊन बसलो. माझ्या वहीत सहीच्या प्रवेशाच्या पानावर तीनतालाचे बोल लिहिलेले होते, ते खोडले.

आता आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात विंदांच्या 'फाउस्ट'मधल्या कराराच्या प्रवेशाचं अभिवाचन करायचं ठरलंय. मेफिस्टो मी वाचणार आहे. फाउस्टसाठी आमच्यातला एक डॉक्टर तयार झालाय आणि त्याचा आवाज या कामाला शोभेल असाच आहे. तबला मागे चालू ठेवायचा का, यावर अजून वाद आहे. माझं म्हणणं आहे की ठेवायचा, तीनतालातच, आणि फाउस्टची सही पडेल ती खालीच्या मात्रेवर.